सी कोलन बॅकस्लॅश

"मराठी विभागाला एक लेख दे ना गं," असं आमच्या विद्यार्थी संपादिकेने मेसच्या रांगेत सांगितलं तेव्हा माझ्या हातातलं ताट पडायचंच बाकी होतं. मी आणि मराठी लेख! ज्युनियर केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली मुलगी मी. वर्गात मराठी शब्द तोंडातून निघाला की दोन रुपये फाईन. घरी मराठी बोलायचो, पण ते "आई, माझी वॉटर बॉटल फिल कर ना" या जातीचं. पोटफोड्या 'ष' कुठे आणि शहामृगातला 'श' कुठे, हे अजूनही मला विचारून लिहावं लागतं. तेव्हा या लेखातलं शुद्धलेखन बरं दिसलं तर त्याचं श्रेय माझ्या रूम पार्टनरला द्यावं. खरं सांगायचं तर हा लेखही तिच्यावरच आहे. म्हणजे आहे कॉम्प्युटरमधल्या एका काळ्या खिडकीवर, पण ती खिडकी मला उघडून दिली तिने.

त्या खिडकीचं नाव कमांड प्रॉम्प्ट. लाडाचं नाव सीएमडी.

एफईचं पहिलं सेमिस्टर, सी प्रोग्रॅमिंगचं पहिलं प्रॅक्टिकल. शाळेत आम्हाला पहिलीपासून कॉम्प्युटर होता. पेंटमध्ये झोपडी, दोन डोंगर आणि मधोमध सूर्य; आठवीत पॉवरपॉइंटवर 'सेव्ह वॉटर'. त्यामुळे आपल्याला कॉम्प्युटर येतो, अशी माझी पक्की समजूत होती. प्रोग्रॅम टाईप केला, कंपाईल केला, एक्झी फाईल तयार झाली. मी ऐटीत डबल क्लिक केलं. एक काळी खिडकी विजेसारखी चमकली आणि गायब! पुन्हा डबल क्लिक. पुन्हा चमकली, पुन्हा गायब. असं पाच-सहा वेळा झाल्यावर मी लॅब असिस्टंट सरांना बोलावलं आणि म्हटलं, "सर, हा पीसी खराब आहे."

सर म्हणाले, "पीसी बरा आहे. सीएमडी उघड आणि तिथून चालव." आणि पुढच्या रांगेकडे निघून गेले.

आता सीएमडी कुठून आणू? डेस्कटॉपवर शोधलं. रिसायकल बिन होता, ब्राउझर होता, कुणीतरी सेव्ह केलेला एका हीरोचा फोटो होता. सीएमडी नव्हता. विचारायची लाज वाटत होती, कारण आजूबाजूचे सगळे खटाखट टाईप करत होते. (ते सगळे पण माझ्यासारखेच होते, हे नंतर कळलं. त्यांना टाईप करायची सवय होती एवढंच!) इतक्यात शेजारच्या खुर्चीवरून एक हात आला. त्या हाताने विंडोजचं बटण दाबून धरलं, आर दाबला, कोपऱ्यात एक छोटी चौकट आली, त्यात सी, एम, डी अशी तीन अक्षरं टाईप केली आणि एंटर. काळी खिडकी उघडली. आणि उघडीच राहिली!

"आता यात चालव," ती म्हणाली. "डबल क्लिक केलं की खिडकी प्रोग्रॅमसाठी उघडते, प्रोग्रॅम संपला की तीपण जाते. तुझा प्रोग्रॅम बरोबरच आहे, तो लई लवकर संपायलाय. आपण खिडकी आधी उघडून ठेवायची, मग आउटपुट कुठं जात नाही."

हात होता माझ्या रूम पार्टनरचा. नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, दोन वेण्या घालणारी ही मुलगी आठ दिवस माझ्याच खोलीत राहत होती आणि आमचं बोलणं "लाईट बंद करू का?" याच्यापुढे गेलेलं नव्हतं. तिच्या मोठ्या भावाचं तालुक्याला फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, स्कॉलरशिप, सगळं तिथे होतं. दहावीच्या सुट्टीत तिने एमएस-सीआयटी केलं आणि दुपारभर दुकानात बसून बंद पडलेले कॉम्प्युटर चालू करायला शिकली. मी पॉवरपॉइंटमध्ये अक्षरं उडवत होते, तेव्हा ही लोकांच्या फायली वाचवत होती.

आता या लेखातला मला लिहायला सगळ्यात जड जाणारा भाग. तो लवकर लिहून टाकते.

त्याच दिवशी, त्याच तासाला, तिने कुठलीतरी कमांड दिली आणि स्क्रीनवर मेसेज आला. मागे उभ्या असलेल्या सरांनी तिला तो मोठ्याने वाचायला सांगितला. ती वाचायला लागली, "अ‍ॅक्सेस इज... डेनिड." खरा शब्द डिनाइड. आणि मी हसले. सगळ्यात आधी मी हसले, मग सगळी बॅच हसली. जिने पाच मिनिटांपूर्वी माझी अब्रू वाचवली होती, तिलाच! त्यानंतर तिने लॅबमध्ये मोठ्याने एक शब्द वाचला नाही. मेसेज आला की ती गुपचूप मॉनिटर माझ्याकडे वळवायची. मी वाचायचे, ती टाईप करायची. लोकांना वाटायचं, काय छान टीम आहे! ती टीम कशातून झाली ते मला ठाऊक होतं.

असो. तर ही काळी खिडकी आहे तरी काय? ओरलला विचारतात, म्हणून थोडं सांगते. आज आपण चित्रांवर क्लिक करतो. पण १९८१ साली आयबीएमचा पीसी बाजारात आला तेव्हा त्याच्यासोबत मायक्रोसॉफ्टची डॉस होती आणि डॉसमध्ये क्लिक करायला काही नव्हतंच. पडद्यावर एक खूण यायची, म्हणजे मशीन म्हणतंय, 'बोला, काय करू?' आपण हुकूम टाईप करायचा. ही खूण म्हणजेच प्रॉम्प्ट. ही डॉससुद्धा मायक्रोसॉफ्टने मुळापासून लिहिलेली नव्हती. टिम पॅटरसन नावाच्या इंजिनिअरने लिहिलेली सिस्टीम विकत घेऊन त्यांनी ती तयार केली. त्या काळात ए आणि बी ही नावं फ्लॉपीच्या ड्राईव्हना दिलेली होती. म्हणून हार्ड डिस्क आली ती सी झाली. फ्लॉपी गेली, पण तिची जागा आपण अजून राखून ठेवली आहे. आपल्या लॅपटॉपमध्ये सी असतो आणि ए-बी का नसतात, याचं उत्तर हे.

एक गोष्ट मात्र आम्ही दोघींनी ओरलला चुकवली होती. सीएमडी म्हणजे डॉस नव्हे! विंडोज ९५ आणि ९८ च्या खाली खरोखर डॉस होती. पण १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीच्या घराण्यात, म्हणजे पुढे एक्सपीपासून आजपर्यंतच्या सगळ्या विंडोजमध्ये, सीएमडी हा विंडोजचाच एक प्रोग्रॅम आहे. कपडे डॉसचे, माणूस वेगळा. एक मार्क गेला तो गेलाच.

आता त्या रात्रीची गोष्ट.

एसईचं दुसरं सेमिस्टर. आम्हा दोघींचा मिनी प्रोजेक्ट होता. कोड मी लिहायचा आणि रिपोर्ट तिने, असं ठरलं. खरं तर उलटं सोपं पडलं असतं. पण तीच हट्टाला पेटली. "इंग्रजी रिपोर्ट मीच लिहिणार आणि तू एक ओळ तपासायची नाहीस," म्हणाली. तिच्याकडे लॅपटॉप नाही. महिनाभर रात्री रीडिंग रूमच्या डेस्कटॉपवर बसून, शेजारी डिक्शनरी ठेवून तिने तो टाईप केला. त्या पीसीवर काही ठेवलं की दुसऱ्या दिवशी उडतं, म्हणून सगळं तिच्या एकुलत्या एका पेनड्राईव्हमध्ये. मेल करून ठेवायचं दोघींनाही सुचलं नाही. इंजिनिअर ना आम्ही!

सबमिशनच्या आदल्या दिवशी दुपारी तिच्या भावाचा फोन आला. वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, नांदेडला अ‍ॅडमिट केलंय. ती होती त्या कपड्यांवर निघाली. जाताना पेनड्राईव्ह माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "प्रिंट तेवढी काढ. सबमिशन चुकवू नकोस."

संध्याकाळी मी पेनड्राईव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथे ही गर्दी! आधी कव्हरची प्रिंट बघू म्हटलं, ती बरी आली. बाकीचं सकाळी शांतपणे काढू, असा विचार करून परत आले. रात्री जेवल्यावर सहज म्हणून रीडिंग रूममध्ये पेनड्राईव्ह लावला आणि माझे हातपाय गार पडले. रिपोर्ट नाही, फोल्डर नाहीत, काहीच नाही. फोल्डरांच्या नावाचे नुसते शॉर्टकट, प्रत्येकी एक-दोन केबीचे. दुकानातल्या पीसीवरून व्हायरस चढला होता. आणि पेनड्राईव्ह तिथे नेला होता मी.

माझा लॅपटॉप रिपेअरला. रात्रीचे साडेदहा. अकराला रीडिंग रूम बंद. रेक्टर मॅडम कुलूप घेऊन आल्या तेव्हा माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं असावं. त्या म्हणाल्या, "अर्धा तास जास्त देते. रडून झालं असेल तर कामाला लाग." (मॅडम, थँक यू. तेव्हा म्हणायचं राहून गेलं.)

तिला फोन करायला हात धजत नव्हता. हॉस्पिटलमधल्या माणसाला काय सांगायचं, तुझा रिपोर्ट मी घालवला? शेवटी केला. तिकडे कॉरिडॉरमधला आवाज येत होता. आधी वडिलांचं विचारलं. "आयसीयूत आहेत, बरे आहेत म्हणायलेत डॉक्टर," ती म्हणाली. मग मी सगळं सांगितलं. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. क्षणभर गप्प राहून तिने एवढंच विचारलं, "पेनड्राईव्हवर जागा किती रिकामी दाखवायलाय?"

बघितलं. जितकी भरलेली असायला हवी तितकी भरलेली होती.

"मग माल आतच आहे. लपवलाय फक्त. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक करू नकोस, केलंस तर व्हायरस चालू होईल. सीएमडी उघड."

उघड म्हणणं सोपं आहे. रीडिंग रूमच्या कीबोर्डचं विंडोजचं बटण कुणीतरी कधीच उपटून नेलेलं. स्टार्टमध्ये टाईप करून शोधावं, तर तिथे नुसतं गोल गोल फिरत बसलेलं. ती म्हणाली, "स्टार्टच्या बटणावर राईट क्लिक कर. यादी येईल, त्यात 'रन' असेल." होतं! सीएमडी, एंटर. काळी खिडकी. आयुष्यात पहिल्यांदा ती बघून मला बरं वाटलं.

"आता कुठं उभी आहेस ते वाच."

"रीडिंग रूममध्येच आहे गं."

"तू नाही! सीएमडी कुठं उभा आहे? पडद्यावर लिहिलेलं असतं."

वाचलं. सी कोलन बॅकस्लॅश युजर्स आणि पुढे पीसीचं नाव. म्हणजे मी सी ड्राईव्हवर होते आणि पेनड्राईव्ह भलतीकडे. कमांड आपण जिथे उभे असतो तिथे लागू होते, हे तिने मला तेव्हा समजावलं. चुकीच्या घरात उभं राहून झाडू मारला तर आपलं घर कसं स्वच्छ होईल?

"पेनड्राईव्हचं अक्षर कुठलं?"

"जी."

"डी?"

"जी, जी! जी फॉर जिराफ."

"गणपतीचा जी ना?"

"हो गं, गणपतीचा."

जी, कोलन, एंटर. प्रॉम्प्ट बदलला. मग तिने सांगितलं, "डी आय आर, स्पेस, स्लॅश, ए." नुसतं डीआयआर दिलं तर लपवलेल्या गोष्टी दिसत नाहीत, स्लॅश ए दिलं की सगळं दिसतं. एंटर दाबलं आणि यादी सरसरत आली. त्यात आमच्या प्रोजेक्टचा फोल्डर! मी रीडिंग रूममध्ये एवढ्या जोरात ओरडले की मॅडमनी डोकावून पाहिलं.

मग ती प्रसिद्ध कमांड. ए, टी, टी, आर, आय, बी. अ‍ॅट्रिब. प्रत्येक फाईलला काही खुणा चिकटवता येतात. एच म्हणजे लपलेली, एस म्हणजे सिस्टीमची, आर म्हणजे फक्त वाचायची. अधिक दिलं की खूण चिकटते, वजा दिलं की निघते. व्हायरसने एच आणि एस चिकटवून ठेवले होते. मी घाईघाईत वजा एच दिला, पुढे स्लॅश एस, स्लॅश डी, आणि एंटर. तर स्क्रीनवर ओळींमागून ओळी.

"काय म्हणायलाय तो? नीट वाच, शब्दन् शब्द."

वाचलं. नॉट रीसेटिंग सिस्टीम फाईल, असं म्हणत होता.

"म्हणजे काय?"

"म्हणजे... सिस्टीमची फाईल आहे, म्हणून मी बदलणार नाही म्हणतोय."

"अगं, मग वजा एस राहिला तुझा! एच आणि एस एकदम काढावे लागतात. पुन्हा दे. वजा एच, वजा एस, वजा आर. प्रत्येकाच्या आधी स्पेस. मग स्लॅश एस म्हणजे आतले सगळे, स्लॅश डी म्हणजे फोल्डरपण."

दिलं. एंटर. काहीच झालं नाही. नुसता कर्सर लुकलुकत होता. मिनिटभराने प्रॉम्प्ट परत आला, ना 'डन', ना 'सक्सेस'. मी घाबरून म्हटलं, "काहीच बोलत नाहीये गं!"

"काही बोलला नाही म्हणजे काम झालं. चुकलं असतं तर बोलला असता."

पेनड्राईव्ह उघडून बघितला. सगळे फोल्डर जागच्या जागी! रिपोर्ट उघडला. ती म्हणाली, "शेवटपर्यंत आहे का बघ. एकोणसाठ पानं असायला हवीत."

आणि मी अडकले. स्क्रीनवर पानांचा आकडा दिसत होता, तरी मला कळेना. एकोणसाठ म्हणजे सिक्स्टी-नाईन की फिफ्टी-नाईन? हवीत किती आणि आहेत किती? गप्प बसायचं तर रिपोर्ट अर्धा गेलाय की पूर्ण आहे ते कळणार नाही. शेवटी विचारलं. वीस वर्षांची व्हायला आलेली, पुण्या-मुंबईच्या वाऱ्यावर वाढलेली मराठी मुलगी, फोनवर विचारतेय, "एकोणसाठ म्हणजे किती गं?"

मी हसण्याची वाट बघत होते. माझ्याकडून असतं तर मी हसले असते. हसलेच होते ना!

ती हसली नाही. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, वडील आयसीयूत असताना, रात्री सव्वाअकराला ती शांतपणे म्हणाली, "एकोण म्हणजे एक उणा. साठाला एक कमी. एकोणतीस, एकोणचाळीस, सगळीकडे तसंच. तू आत्ता वजा एच केलंस ना, तसं साठातून वजा एक."

फिफ्टी-नाईन. स्क्रीनवरही फिफ्टी-नाईन.

आधी रिपोर्ट स्वतःला मेल केला (अक्कल आली!), सगळे शॉर्टकट उडवले, अँटिव्हायरस फिरवला. सकाळी दुसऱ्या दुकानातून प्रिंट काढली, बाईंडिंग केलं, सबमिशन झालं. ठरल्याप्रमाणे एक ओळ तपासली नाही. चुका आहेत त्यात. पण एकोणसाठ पानं तिची आहेत.

काकांना आठ दिवसांनी घरी सोडलं. ती परत आली तेव्हा मी एफईच्या त्या प्रॅक्टिकलबद्दल सॉरी म्हटलं. ती बॅगेतून चकल्यांचा डबा काढत म्हणाली, "कधी गं? मला नाही आठवत." आठवत होतं तिला. मला माहीत आहे.

तेव्हापासून आमचा करार आहे. रात्री जेवणानंतर ती मला मराठी आकडे विचारते आणि मी तिच्याकडून इंग्रजी मेसेज मोठ्याने वाचून घेते. एकोणनव्वदपर्यंत मी आलेय. पुढे नव्याण्णवला एकोण का नाही, हे तिलाही सांगता आलं नाही! आणि या वर्षीच्या ओरलला एक्स्टर्नलसमोर तिच्या स्क्रीनवर तोच मेसेज आला. मी दारातून बघत होते. तिने तो मोठ्याने वाचला. या वेळी डिनाइड बरोबर आलं, पण आधीचा अ‍ॅक्सेस अडखळला. एक्स्टर्नल हसले नाहीत. "व्हाय?" एवढंच त्यांनी विचारलं. तिने सांगितलं की या फोल्डरला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते. सांगितलं ते अर्धं मराठीत. पूर्ण मार्क!

जाता जाता ज्युनिअर्ससाठी काही उपयोगाचं. बटण असेल तर विंडोज आणि आर, नसेल तर स्टार्टवर राईट क्लिक आणि रन. तेही रुसलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडा, तिथेही नवीन प्रोग्रॅम चालवायची सोय असते. सगळ्यात सोपी युक्ती ही: ज्या फोल्डरमध्ये काम आहे तो उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी टाईप करून एंटर मारा, खिडकी थेट त्याच फोल्डरमध्ये उभी राहते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा मोह टाळा, गरज नसते आणि तेव्हा आपण थेट विंडोजच्या स्वयंपाकघरात उभे असतो. लांब नावं टाईप करू नका, दोन अक्षरं लिहून टॅब दाबा. मागची कमांड हवी तर वरचा बाण. दुसऱ्या ड्राईव्हवर जायला नुसतं सीडी चालत नाही, अक्षर आणि कोलन द्या. काही व्हायरस सगळा माल एका बिननावाच्या फोल्डरमध्ये कोंबतात, तेव्हा रिकामी जागा दिसली तरी तिथे क्लिक करून बघा. आणि काहीही टाईप करण्याआधी, कुठे उभे आहात ते वाचा.

ते वाचायचं माझ्याकडून पहिल्या दिवशी राहून गेलं होतं.

बाकी काय, रेक्टर मॅडम कुलूप वाजवत आहेत. ई, एक्स, आय, टी. एंटर.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी